कयाक घ्यावी कीं होडी ?

गेल्या थंडींत पालकसभा आटोपल्यावर एक गृहस्थ आमच्यापाशीं येऊन थांबले. त्यांचा मुलगा आमच्या शाळेंत सातव्या इयत्तेंत आहे. मुलाच्या गणिताविषयीं ते कांहीं विचारतील असें आम्हांस वाटलें. परंतु त्यांनीं विचारलें तें अगदींच निराळें. हिंजवडीच्या आयटी पार्कांत ते नोकरीस आहेत. आठवड्याचे पांच दिवस यंत्रापुढें बसावयाचें आणि सहाव्या दिवशीं गळ घेऊन कासारसाईच्या धरणाच्या कांठीं जावयाचें, असा छंद त्यांस जडला आहे. कांठावरून फेकलेला गळ जेथवर पोहोंचतो तेथवर मोठा मासा येत नाहीं, हा त्यांचा अनुभव. तेव्हां पाण्यांत शिरण्यासाठीं मासेमारीची कयाक घ्यावी कीं लहानशी होडी घ्यावी, असा त्यांचा प्रश्न होता. बापाच्या पाठीमागें उभा राहून मुलगा मोठ्या आशेनें आमच्या तोंडाकडे पाहत होता. आम्ही शास्त्र शिकवितों, त्या अर्थीं आम्हांस हें ठाऊक असलेंच पाहिजे, अशी त्याची समजूत दिसली.

"विचार करून सांगतों," असें म्हणून आम्हीं त्या दिवशीं वेळ मारून नेली. पुढें खरोखरच विचार करूं लागलों, तेव्हां ध्यानांत आलें कीं हा प्रश्न दिसतो तितका लहान नाहीं. हिंजवडी, माण, मारुंजी या भागांत शेतांच्या जागीं उंच इमारती उभ्या राहिल्या, त्यांत देशोदेशींचीं कुटुंबें राहावयास आलीं, आणि तीन-चार कोसांच्या अंतरावर कासारसाई, त्यापलीकडे पवना, दुसऱ्या अंगास मुळशी, असे जलाशय पसरलेले. पाण्याची ओढ कोणास नसते? परंतु ज्यांचें बाळपण नदीकांठीं गेलें नाहीं, अशांसच ही ओढ अधिक असते, आणि पाण्याचें भय मात्र त्यांस ठाऊक नसतें. म्हणून त्या गृहस्थांस द्यावयाचें उत्तर येथें सर्वांसाठींच लिहून ठेवीत आहों.

प्रथम कयाक म्हणजे काय तें पाहूं. हा शब्द उत्तर ध्रुवाजवळच्या बर्फाळ प्रदेशांतील इन्युइट लोकांचा आहे. त्यांच्या देशांत नाव करण्याजोगीं झाडें नाहींत. समुद्रानें वाहून आणलेलें लाकूड आणि जनावरांचीं हाडें यांचा सांगाडा करून त्यावर ते सील नांवाच्या जलचराचें कातडें ताणून शिवीत. वरची बाजूहि कातड्यानें झांकलेली. मध्यें एका माणसाची कंबर बसेल एवढेंच भोंक. त्यांत तो शिकारी पाय लांब करून बसे आणि दोन्ही टोकांस पाती असलेल्या एकाच वल्ह्यानें आवाज न करितां सीलच्या जवळ जाई. कयाक ही एका माणसाची वस्तु. ती त्याच्या अंगाच्या मापानें बेतलेली असे, जणूं त्याचा अंगरखाच.

परंतु त्याच लोकांपाशीं दुसरीहि एक नाव असे. तिचें नांव उमियाक. ती वरून उघडी, रुंद आणि मोठी असून तींत बायकामुलें, कुत्रीं, तंबू, भांडींकुंडीं असें सारें बिऱ्हाड एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणीं जाई. ग्रीनलंडांत ती बहुधा स्त्रियाच वल्हवीत. म्हणजे आमच्या गृहस्थांचा प्रश्न त्या लोकांनीं दोन्ही नावा करून सोडविला होता. एकट्यानें शिकारीस जावयाचें तर कयाक; घरचें माणूस बरोबर न्यावयाचें तर उमियाक. १७३३ सालीं मोरेव्हियन मिशनरी ग्रीनलंडांत जाऊन राहिले, तेव्हां त्यांनीं हा दुहेरी संसार प्रत्यक्ष पाहिला. त्या देशांतील मृत्यूंच्या जुन्या नोंदींत कयाक उलटून बुडालेल्या कर्त्या पुरुषांची संख्या मोठी आढळते. आणि हे लोक कांहीं नवशिके नव्हते. उलटलेली कयाक पाण्याखालूनच वल्ह्याच्या एका झटक्यानें पुनः सुलटी करण्याची विद्या ते लहानपणापासून शिकत असत.

हल्लीं आपल्याकडे मिळते ती मासेमारीची कयाक कातड्याची नव्हे, जाड प्लॅस्टिकची. तींत आंत शिरून बसावयाचें नसतें, वरच बसावयाचें असतें. तिचें पोट चोहोंकडून बंद असून आंत हवा असते. बैठकीपाशीं आरपार भोकें पाडलेलीं असतात, त्यांतून वर आलेलें पाणी आपोआप खालीं निथळून जातें. लांबी साडेतीन मीटरांच्या आसपास, रुंदी पाऊण मीटर किंवा थोडी अधिक, आणि वजन सुमारें पंचवीस ते चाळीस किलो. गळाच्या काठ्या खोंचण्यास खांचा, मागें डबा ठेवण्यास जागा, आणि कांहींना तर सायकलीसारखे पाय मारून चालविण्याची सोय. लहान होडी म्हणून जी मिळते ती फायबरची किंवा ॲल्युमिनियमची, चार मीटर लांब व दीड मीटर रुंद अशी समजूं. तींत तीन-चार माणसें बसतात. ती वल्ह्यांनीं चालवितात किंवा मागें लहान यंत्र बसवितात.

आतां विद्यार्थ्यांनीं पाटी-पेन्सिल घ्यावी. आर्किमिडीजचा सिद्धान्त तुम्हीं पाठ केलेला आहे. तो येथें उपयोगी पडतो. तरंगणारी वस्तु आपल्या वजनाइतकें पाणी बाजूस सारते. कयाकीचा पाण्यावर टेकलेला भाग, टोकें निमुळतीं असल्यामुळें, लांबी-रुंदीच्या गुणाकाराच्या सुमारें सात-दशांश धरूं. तो पावणेदोन चौरस मीटरांहून थोडा अधिक भरतो. म्हणजे ती एक सेंटिमीटर खालीं जाण्यास सुमारें अठरा किलो वजन पुरतें. होडीचा हाच भाग चार चौरस मीटरांहून अधिक. तीस तितकेंच खालीं जाण्यास बेचाळीस किलो लागतात. सत्तर किलोचा माणूस चढला तर कयाक चार सेंटिमीटर दबेल, होडी दोन सेंटिमीटरहि दबणार नाहीं.

परंतु खरा फरक दबण्यांत नाहीं, कलण्यांत आहे. नाव बाजूस कलूं लागली म्हणजे तीस पुनः सरळ करणारी जी शक्ति उत्पन्न होते ती लांबीच्या साध्या प्रमाणांत वाढते, पण रुंदीच्या घनाच्या प्रमाणांत वाढते. रुंदी दुप्पट केली तर ही शक्ति दुप्पट नव्हे, आठपट होते. आमच्या मापांच्या होडीची व कयाकीची तुलना केली तर ती नऊपटींच्या घरांत जाते. मालवणाकडील कोळी अरुंद होडीच्या एका बाजूस, थोड्या अंतरावर, लांबट लाकूड बांधतात, त्यास उलांडी म्हणतात. त्यांनीं हें गणित कोठल्याहि शाळेंत केलें नव्हतें. पण होडी रुंद न करितां रुंदीचा लाभ कसा घ्यावा हें त्यांस पुरतें ठाऊक होतें. पुण्यास अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या बोट क्लबाचा रेगाटा होतो, त्यांत नदीवर अरुंद कयाकी आणि रुंद सपाट तळाच्या पंट-नावा अशा दोन्ही दिसतात. मुलांनीं तो अवश्य पाहावा. पंट-नावेंत मुलें उभीं राहून वल्हवितात. कयाकींत कोणी उभें राहूं म्हणत नाहीं.

हें सर्व आम्हांस पुस्तकावरून ठाऊक होतें. दोन वर्षांपूर्वीं तें अंगावरूनहि कळलें. एका तलावावर वरच्या वर्गाच्या मुलांस घेऊन गेलों होतों, आणि मुलांच्या आग्रहास्तव आम्ही एका कयाकीवर बसलों. जीवरक्षक जाकीट घातलें होतें, पाणी स्वस्थ होतें, वारा नव्हता. पंधरा-वीस मिनिटें वल्हवल्यावर आपण या विद्येंत निपुण झालों असें आम्हांस वाटूं लागलें. मग पाठीमागें ठेवलेला पोळीभाजीचा डबा घ्यावा म्हणून आम्ही मागें वळलों. एवढेंच. डोकें ज्या अंगास गेलें त्या अंगास कयाक गेली, आणि क्षणार्धांत आम्ही पाण्यांत होतों. कांठावर मुलें हंसत होतीं. आम्हींहि हंसण्याचा प्रयत्न केला. परंतु पुनः वर चढण्याची वेळ आली तेव्हां हंसूं मावळलें. पायाखालीं जमीन नाहीं, कपडे भिजून जड झालेले, आणि एका बाजूनें चढूं गेलों कीं कयाक आमच्याच अंगावर उलटे. चार वेळां पडलों. पांचव्या खेपेस तलावावरील माणसानें ओरडून सांगितलें तसें केलें. पाय मागें पाण्यावर तरंगत ठेवून पोटावर आडवे होऊन कयाकीवर सरकलों, मग उताणे झालों, मग बसलों. डबा तळाशीं गेला तो गेलाच.

त्या दिवसापासून आमच्या मनांत या दोन नावांतला भेद स्पष्ट झाला, आणि त्या गृहस्थांस सांगावयाची मुख्य गोष्ट तीच आहे. कयाकीवर बसणारा माणूस आपण केव्हां तरी पडणार हें धरूनच बसतो. म्हणून तो जाकीट अंगांत घालतो, सामान बांधून ठेवितो, वल्ह्यास दोरी लावतो, पडल्यावर चढण्याचा अभ्यास करितो. होडींत बसणारा माणूस आपण पडणार नाहीं असें धरून बसतो. होडी डुलत नाहीं, तींत उभें राहतां येतें, मुलांस इकडून तिकडे जातां येतें. म्हणून जाकिटें बांकाखालीं पडून राहतात, आणि आणखी एक जण "मीहि येतों" म्हणाला तर त्यास कोणी नको म्हणत नाहीं. कयाक आपलें भय प्रथमच दाखविते; होडी तें शेवटपर्यंत झांकून ठेविते.

शुभवर्तमानांत लूकानें लिहिलेली एक हकीकत आमच्या मुलांस ठाऊक आहे. गालीलाच्या सरोवरावर शिमोनानें प्रभूच्या सांगण्यावरून खोल पाण्यांत जाळें टाकलें, तेव्हां इतके मासे सांपडले कीं जोडीदारांची दुसरी होडी बोलवावी लागली आणि दोन्ही होड्या बुडूं लागल्या. उपासनेंत या प्रसंगाचा अर्थ आपण निराळ्या रीतीनें ऐकतों, आणि तो योग्यच आहे. येथें एवढेंच पाहावें कीं आयुष्य पाण्यावर घालविलेल्या माणसांच्या होड्याहि भारानें कांठोकांठ आल्या होत्या. १९८६ सालीं मोठ्या अवर्षणानें त्या सरोवराचें पाणी ओसरलें तेव्हां चिखलांत एक प्राचीन होडी सांपडली. ती ख्रिस्ताच्या काळाच्या सुमाराची आहे. लांबी सव्वाआठ मीटर, रुंदी सुमारें २.३ मीटर. तिचें लाकूड अनेक जातींच्या झाडांचें आहे. फळी कुजली कीं मिळेल त्या लाकडाचें ठिगळ लावून कोणा कोळ्यानें ती पुष्कळ वर्षें चालविली असावी. आमच्या गृहस्थांच्या मनांतील होडी तिच्या निम्म्याहूनहि लहान आहे, हें त्यांनीं ध्यानांत ठेवावें.

प्राचीन काळापर्यंत कशास जावें? २०२४ सालच्या मे महिन्याच्या २१ तारखेस उजनीच्या जलाशयांत करमाळा तालुक्यांतील कुगांवाहून इंदापूर तालुक्यांतील कळाशीकडे निघालेली प्रवासी होडी संध्याकाळच्या सोसाट्याच्या वाऱ्यांत उलटली. तींत सात जण होते. एकानें पोहून कांठ गांठला. सहा जण बुडाले, त्यांत लहान मुलेंहि होतीं. तो मार्ग नेहमींच्या येण्याजाण्याचा, आणि ऋतु उन्हाळ्याचा, पुराचा नव्हे. म्हणूनच ही गोष्ट येथें सांगत आहों. धरणाचें पाणी पुरांत मारतें अशी आपली कल्पना असते. वास्तविक तें वळवाच्या वाऱ्यांत मारतें.

एप्रिल-मे महिन्यांत सकाळीं आरशासारखें दिसणारें पाणी दुपारीं तीन-चारच्या पुढें ढग जमले कीं अर्ध्या घटकेंत खवळतें. वाऱ्याचा वेग दुप्पट झाला तर त्याचा दाब चौपट होतो. शिवाय वाऱ्यास पाण्यावरून धांवण्यास जितकें लांब अंतर मिळेल तितक्या लाटा मोठ्या होतात. म्हणून कासारसाईच्या लहान जलाशयापेक्षां मुळशीच्या लांबच लांब पाण्यावर त्या अधिक उंच उठतात. वारा सुटल्यावर कयाक व होडी यांच्या गति निरनिराळ्या होतात. कयाक पाण्यास लागून असते, वाऱ्यास तिचें अंग थोडेंच मिळतें. पण तीस चालविणारा माणूस एकच, आणि साधारण माणूस शांत पाण्यावर तासास पांचेक किलोमीटरच जातो. समोरून जोराचा वारा असला तर तो वल्हवीत राहतो आणि कांठ जेथल्या तेथें राहतो. होडीची उंच कड वारा धरते आणि ती आडवी फिरते. आडवी फिरली कीं लाट आंत येते. यास्तव जातांना वाऱ्याच्या तोंडावर जावें, म्हणजे दमल्यावर परततांना वारा पाठीशीं राहतो. आणि दुपारच्या जेवणास घरीं असावें. मासे सकाळींच लागतात. दुपारीं लागतो तो हट्ट.

आमच्या जलाशयांचें आणखी एक वैशिष्ट्य नवीन लोकांस ठाऊक नसतें. हीं नैसर्गिक सरोवरें नव्हत. मुळशीचें धरण टाटा कंपनीनें बांधूं घेतलें तेव्हां १९२१ सालीं तेथील मावळ्यांनीं सेनापति बापटांच्या पुढारीपणाखालीं सत्याग्रह केला, हें इतिहासांत तुम्हीं वाचलें आहे. पवनेचें धरण १९७२ सालचें. त्या पाण्याखालीं शेताचे बांध आहेत, घरांचीं जोतीं आहेत, झाडांचे खुंट आहेत. उन्हाळ्यांत पाणी उतरलें कीं पवनेंतून वाघेश्वराचें जुनें देऊळ वर येतें, तसें उजनींतून पळसदेवाचें येतें. पाणी भरलेलें असतांना जेथें खोल वाटतें तेथें मे महिन्यांत हातभर खालीं दगडी भिंत असते. जाड प्लॅस्टिकची कयाक अशा भिंतीवरून खरडत निघून जाते. फायबरच्या होडीस तडा जाण्याचा संभव असतो, आणि यंत्राचा पंखा आपटला तर तो तुटतो. उलटपक्षीं, कांठालगतच्या उथळ गवतांत मरळ मासा असतो, तेथें होडी शिरतच नाहीं. कयाक वीतभर पाण्यांतून आवाज न करितां जाते. एवढ्यापुरती ती मासे धरणाऱ्यास होडीहून सरस आहे, हें कबूल केलें पाहिजे. मुळेच्या व पवनेच्या खालच्या पात्रांत मात्र दोन्ही निरुपयोगी. तेथें जलपर्णी इतकी माजते कीं वल्हें तींत गुंततें, आणि पाणीहि हात घालण्याजोगें राहिलेलें नाहीं.

आतां जे लोक या पाण्यावर पोट भरतात त्यांच्याविषयीं. पहांटे धरणावर जाल तर लॉरीच्या चाकाची हवा भरलेली ट्यूब, तीवर बसलेला एक माणूस, त्याचे पाय पाण्यांत, हातांत लांकडाचे दोन फळकुटे आणि मांडीवर जाळें, असें दृश्य दिसेल. कोणी थर्माकोलचे तुकडे गोणपाटांत बांधून त्याचा तराफा करितात. भोई आणि कातकरी समाजांतील हे मच्छीमार रात्रीं जाळीं लावून ठेवितात व पहांटे काढतात. ग्रीनलंडच्या शिकाऱ्यानें जें सीलच्या कातड्यानें साधलें तें यांनीं टाकाऊ रबरानें साधलें. त्यांची ट्यूब हीच या प्रांताची कयाक होय, आणि ती चालविण्याचें कौशल्य आमच्यासारख्या पदवीधराच्या अंगीं नाहीं हें आम्हीं पाण्यांत पडून सिद्ध केलेंच आहे. जलाशय पाटबंधारे खात्याचा असतो आणि मासेमारीचा ठेका बहुधा मच्छीमारांच्या सहकारी संस्थेकडे असतो. कटला, रोहू, मृगळ यांचें बीज ठेकेदार संस्था पैसे खर्चून सोडते. तेव्हां नाव कोणतीहि घेतली तरी खात्याची परवानगी आणि संस्थेची संमति घेतल्यावांचून पाण्यांत उतरूं नये. यंत्राची होडी घेणारानें हेंहि समजून घ्यावें कीं पहांटेच्या अंधारांत पंख्याखालीं आलेलें जाळें म्हणजे एका कुटुंबाची कित्येक दिवसांची मिळकत आहे. कयाक जाळ्यावरून गेली तर जाळ्यास कळतहि नाहीं. शिवाय पवनेचें पाणी पिंपरी-चिंचवडच्या घरोघरीं पिण्यास येतें. त्यांत तेलाचा तवंग सोडणें म्हणजे आपल्याच घागरींत सोडणें.

ठेवावयाची कोठें, हा प्रश्न बाजारांत कोणी विचारीत नाहीं, घरीं आल्यावर सर्वच विचारतात. आमचे गृहस्थ चौदाव्या मजल्यावर राहतात. साडेतीन मीटरांची वस्तु उद्वाहकांत मावत नाहीं, आणि जिन्यानें चौदा मजले चढविण्याचा प्रयोग त्यांच्या पत्नीस मान्य होईलसें दिसत नाहीं. खालीं मोटार ठेवण्याच्या जागेंत भिंतीस कयाक टांगतां येते, सोसायटीची परवानगी असली तर. आणि दोघांनीं उचलून ती मोटारीच्या टपावर बांधतां येते. होडीस निराळी गाडी लागते, नाहीं तर ती धरणाच्या कांठींच कोणाच्या तरी राखणीस ठेवावी लागते. राखणदारास महिन्याचे पैसे, पावसाळ्यांत झांकण, यंत्राची दुरुस्ती. होडीची किंमत एकदां देऊन संपत नाहीं. हवा भरावयाची कयाक मिळते ती कपाटांत राहते खरी, परंतु ती वाऱ्यानें फार वाहवते आणि बुडालेल्या झाडांच्या फांद्यांवर तिचा भरंवसा आम्ही देऊं शकत नाहीं.

मग उत्तर काय? गृहस्थ एकटे असते तर आम्हीं कयाकच घ्या म्हणून सांगितलें असतें, मात्र दुसरा कयाकवाला सोबती असेल तरच. एकट्यानें कयाकीवर जाणें म्हणजे आपण पडलेलें पाहण्यास कोणी नसणें. परंतु गृहस्थ एकटे नाहींत. त्यांच्या पाठीमागें तो मुलगा उभा होता, आणि आमच्या मतें प्रश्न त्यानेंच विचारला होता. बाप एका बैठकीच्या कयाकीवरून धरणाच्या मध्यावर गेला तर मुलगा कांठावर बसून राहील; दोन-तीन शनिवार बसेल, चौथ्या शनिवारीं येणार नाहीं. दोन बैठकींची कयाक मिळते, पण बारा वर्षांच्या मुलास मासा लागला कीं तो उठून उभा राहतो, हें सर्व वर्गांवर आम्हीं पाहिलें आहे. आणि मग दोघांचीं मिळून दोन डोकीं एका अंगास जातात. म्हणून मुलास बरोबर न्यावयाचें असेल तर रुंद होडी घ्यावी, वल्ह्यांची, यंत्राची नव्हे. तिच्या दोन्ही टोकांस बंद हवेच्या पेट्या आहेत कीं नाहींत हें पाहून घ्यावी, म्हणजे पाण्यानें भरली तरी ती तळाशीं जात नाहीं. आणि होडी घेऊन तिच्यांत कयाकवाल्याच्या मनानें बसावें. चार माणसांची होडी दोघांनींच वापरावी. जाकीट कांठावरच अंगांत चढवावें. मुलाचें जाकीट मुलाच्या मापाचें असावें, नाहीं तर पाण्यांत तें वर जातें आणि मुलगा खालीं राहतो. नांगर बाजूच्या कडेस न बांधतां टोकास बांधावा. कोणी पाण्यांत पडला तर त्यास बाजूनें ओढून घेऊं नये, मागील रुंद बाजूनें घ्यावा, म्हणजे सारेच पडत नाहींत. होडी उलटलीच तर तीस धरून राहावें. पाण्यांतून कांठ नेहमीं आहे त्याहून जवळ दिसतो.

आणि विकत घेण्यापूर्वीं एकदां कांठालगत, छातीइतक्या पाण्यांत, माहीतगार माणूस जवळ असतां, ती मुद्दाम उलटून पाहावी. दुकानदारास हें आवडणार नाहीं. ज्या नावेंत पुनः चढतां आलें नाहीं ती आपली नाव नव्हे, मग तिचें नांव कयाक असो वा होडी.

हें सर्व आम्हीं त्या गृहस्थांस पुढच्या भेटींत सांगितलें. त्यांनीं शांतपणें ऐकून घेतलें आणि मग थोडे ओशाळून म्हणाले, "सर, पण मला पोहतां येत नाहीं." मुलास येतें; तो गेल्या उन्हाळ्यांतच शिकला. सध्यां दर शनिवारीं सकाळीं बापलेक तरणतलावावर जातात. बाप उथळ भागांत कड धरून पाय मारतो आणि मुलगा शेजारीं उभा राहून त्यास श्वास केव्हां घ्यावा तें सांगतो. होडी अजून घेतलेली नाहीं.